शिरोरेखा पुन्हा तुटली: एडिटरचे फॉन्ट आणि रंग दर काही दिवसांनी बिघडतात तेव्हा

"ताई, अक्षरं पुन्हा तुटून राहिली."

गेल्या वर्षी हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की सोमवारी सकाळी ऑफिसातला पोरगा खुर्ची ओढून बसला की मी आधीच वैतागायची. नागपुरात धरमपेठेत आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. काम मराठी संकेतस्थळांच्या मजकुराचं. लोक वर्डमध्ये लिहून पाठवतात, आम्ही ते व्हीएस कोड या एडिटरमध्ये, म्हणजे कोड आणि मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये, मार्कडाउन आणि जेसन (साध्या मजकुराचेच दोन प्रकार) फाइलींत घेतो, तपासतो आणि पुढे देतो. दिवसाचे सात-आठ तास डोळ्यांपुढे देवनागरी. शुक्रवारी फॉन्ट लावून, रंग जुळवून घरी जायचं आणि सोमवारी नवा फोल्डर उघडला की शिरोरेखेचे तुकडे, 'दुसऱ्या'वर पिवळी चौकट, 'मूर्तींच्या'वरचा अनुस्वार अर्धा गायब.

दर वेळी उपायही ठरलेला. सेटिंग्ज उघडायच्या, फॉन्टचं नाव परत टाकायचं, एडिटर बंद करून चालू करायचा. कधी जमायचं, कधी नाही. एडिटर आपलं सांगणं विसरतो, असंच आम्ही धरून चाललो होतो. तो काही विसरत नव्हता. आपल्यानंतर दुसरं कोणीतरी त्याला वेगळं सांगत होतं आणि तो त्याचं ऐकत होता. तो दुसरा कोण, हे शोधायला आता आम्हाला पाच मिनिटं लागतात.

एक सूचना आधीच देते. सेटिंग्जची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. शोधताना किंवा फाइलमध्ये टाकताना ती इंग्रजी स्पेलिंगनेच टाकायची.

पहिली चाचणी: फाइल डेस्कटॉपवर काढा

जी फाइल बिघडलेली दिसते तिची एक प्रत डेस्कटॉपवर ठेवा. एडिटरची नवी खिडकी उघडा, त्यात कुठलाही फोल्डर न उघडता फक्त ती प्रत उघडा. अक्षरं नीट दिसली तर दोष बहुधा मूळ फोल्डरमध्ये आहे. तिथेही तुटलेलीच दिसली तर दोष तुमच्या मशीनवर आहे. एवढ्यावरून अर्धं काम होतं, कारण पुढची शोधाशोध कुठे करायची ते ठरतं.

आमच्याकडे प्रत ठणठणीत दिसली. म्हणजे फोल्डर. एका गिऱ्हाइकाकडून आलेल्या त्या फोल्डरमध्ये 'डॉट व्हीएसकोड' नावाचा आणखी एक छोटा फोल्डर होता आणि त्यात सेटिंग्जची फाइल. मॅक किंवा लिनक्सवर टिंबाने सुरू होणारे फोल्डर लपलेले असतात, म्हणून बाहेरून ते दिसतही नाहीत. फाइलमध्ये फॉन्टचं नाव नव्हतंच. होती ती ही एक ओळ:

"एडिटर.लेटरस्पेसिंग": 0.5

त्यांच्याकडचा कोड लिहिणारा माणूस इंग्रजीत काम करणारा. त्याला अक्षरं जरा मोकळी आवडत असणार. रोमन अक्षरं एकमेकांना चिकटलेली नसतात, त्यामुळे मध्ये अर्धा पिक्सेल आला तर ती फक्त सुटसुटीत दिसतात. देवनागरीत शब्दावरची रेघ सलग असते, पण फॉन्टमध्ये ती प्रत्येक अक्षराबरोबर तुकड्यातुकड्याने काढलेली असते आणि तुकडे शेजारी-शेजारी टेकले की सलग भासते. मध्ये अर्धा पिक्सेल घातला की सांधे उघडे पडतात. 'नागपूर' हा शब्द चार स्वतंत्र पाट्या लावल्यासारखा दिसायला लागतो. आम्ही मात्र वर्षभर फॉन्ट बदलत बसलो, ज्याचा यात काडीचाही संबंध नव्हता!

हे घडतं ते क्रमामुळे. एडिटरच्या मूळ सेटिंग्ज सगळ्यांत खाली. त्यांच्यावर तुमच्या 'यूजर' सेटिंग्ज, ज्या मशीनवर सगळीकडे लागतात. त्यांच्याही वर 'वर्कस्पेस' सेटिंग्ज, म्हणजे त्या फोल्डरबरोबर आलेल्या. नंतर बोलणारा जिंकतो. तपासायचं तर कंट्रोल आणि कॉमा दाबून सेटिंग्जचं पान उघडा आणि संशयित सेटिंग शोधा. दुसऱ्या कोणी ती बदलली असेल तर तिच्या नावाशेजारी बारीक अक्षरांत 'ऑल्सो मॉडिफाइड इन: वर्कस्पेस' असं लिहिलेलं असतं. इतकं बारीक, की वर्षभर आमच्या नजरेला पडलं नाही. शोधपट्टीत 'ॲट मॉडिफाइड' टाकलं तर फक्त बदललेल्या सेटिंग्जची यादी येते. यूजर आणि वर्कस्पेस असे दोन टॅब वर असतात, दोन्ही पाहा.

मग ती ओळ खोडायची का?

पोरगा खोडायलाच निघाला होता. मी थांबवलं. तो फोल्डर गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, होता. आपण खोडलेली ओळ पुढच्या कमिटबरोबर (नोंदवलेल्या बदलाबरोबर) गिऱ्हाइकाकडे पोचते आणि मग त्यांच्याकडून फोन. शिवाय पुढच्या वेळी त्यांचा बदल खाली ओढला की ओळ परत हजर. दुसऱ्याच्या घरातलं सामान हलवायचं नाही.

त्यापेक्षा भाषेनुसार सेटिंग करा. भाषा म्हणजे इथे मराठी-इंग्रजी नव्हे, फाइलचा प्रकार: मार्कडाउन, जेसन वगैरे. तुमच्या यूजर सेटिंग्जच्या जेसन फाइलमध्ये असा भाग टाका:

"[मार्कडाउन]": { "एडिटर.लेटरस्पेसिंग": 0, "एडिटर.लाइनहाइट": 1.7, "एडिटर.रॅपिंगस्ट्रॅटेजी": "ॲडव्हान्स्ड" }

चौकोनी कंसातलं भाषेचं नाव हा इथला हुकमाचा पत्ता आहे. भाषेपुरती केलेली सेटिंग साध्या सेटिंगपेक्षा वरचढ ठरते, मग ती साधी सेटिंग वर्कस्पेसमध्ये का असेना. जेसनसाठीही तसाच वेगळा भाग टाका. ही युक्ती एकाच ठिकाणी फसते: त्या फोल्डरमध्येही चौकोनी कंसात मार्कडाउनचा भाग असेल तर पुन्हा त्यांचं चालतं. आमच्याकडे तसं अजून झालेलं नाही.

जेसन फाइल हाताने बदलताना एक पाहा. एकच सेटिंग दोनदा आली असेल तर खालची धरली जाते. पोराच्या फाइलमध्ये 'फॉन्टफॅमिली' तीनदा सापडली, तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून डकवलेल्या. तो सगळ्यांत वरची बदलत होता. एडिटर दुहेरी नावाखाली नागमोडी रेघ ओढून सांगतही होता, पण अशा रेघांकडे बघतं कोण.

प्रत डेस्कटॉपवरही बिघडलेली दिसली तर

आता दोष आपल्या मशीनवर. इथे तीन गोष्टी वारंवार सापडतात.

पहिली म्हणजे फॉन्ट मशीनवर नसणं. सेटिंग्ज सिंकमुळे, म्हणजे दोन मशीनवरच्या सेटिंग्ज सारख्या ठेवणाऱ्या सोयीमुळे, घरच्या लॅपटॉपवरचं फॉन्टचं नाव ऑफिसच्या मशीनवर येतं. फॉन्ट येत नाही. नाव आहे आणि फॉन्ट नाही अशा वेळी एडिटर कुठलीही तक्रार न करता यादीतल्या पुढच्या फॉन्टकडे जातो. मला इथे आणखी एक ठेच लागली. 'एक मुक्ता' नावाचा फॉन्ट मी जुन्या मशीनवर वापरायची. पुढे त्याचं नाव नुसतं 'मुक्ता' झालं. नव्या मशीनवर मुक्ता उतरवला, सेटिंगमध्ये जुनं नाव तसंच. दोन्ही डोळ्यांना सारखेच, एडिटरला मात्र 'एक मुक्ता' सापडेना. विंडोजने आपला निर्मला यूआय हा फॉन्ट पुढे केला आणि मी आठवडाभर म्हणत राहिले, हा मुक्ता आजकाल वेगळाच का दिसतो.

फॉन्टच्या यादीचा क्रमही नीट ठेवा. एडिटर प्रत्येक अक्षरासाठी यादी वरून खाली पाहतो आणि ज्या फॉन्टमध्ये ते अक्षर आहे तो उचलतो. कन्सोलास या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, म्हणून तो पहिला ठेवला तर इंग्रजी आणि चिन्हं त्याच्यातून येतात आणि मराठी पुढच्यातून. मुक्ता पहिला ठेवलात तर इंग्रजीही त्यातूनच येईल, कारण त्यात रोमन अक्षरं आहेत, आणि मग कोडची सरळ मांडणी वाकडी दिसेल. आमची ओळ अशी:

"एडिटर.फॉन्टफॅमिली": "कन्सोलास, 'मुक्ता', 'निर्मला यूआय', मोनोस्पेस"

दुसरी गोष्ट प्रोफाइल. हा दोष डेस्कटॉपवरची प्रत नीट दिसली तरी असू शकतो. व्हीएस कोडमध्ये वेगवेगळे प्रोफाइल ठेवता येतात, प्रत्येकाच्या सेटिंग्ज वेगळ्या, आणि कुठल्या फोल्डरला कुठला प्रोफाइल लावला होता ते एडिटर लक्षात ठेवतो. कधीतरी गंमत म्हणून प्रोफाइल करून पाहिला असेल तर तो फोल्डर उघडताच तोच लागतो. डावीकडे खाली दातेरी चाकाच्या चिन्हावर प्रोफाइलची खूण दिसते का ते बघा.

तिसरी गोष्ट एक्स्टेंशन, म्हणजे एडिटरला वरून जोडलेली भर. इथे थीमवर उगाच आळ येतो. रंगाची थीम रंग बदलते, अक्षर ठळक किंवा तिरकं करते. फॉन्ट आणि अक्षरांतलं अंतर तिच्या हातात नसतं. पण दुसरं एखादं एक्स्टेंशन एखाद्या भाषेसाठी स्वतःच्या सेटिंग्ज घेऊन येऊ शकतं. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून 'एक्स्टेंशन बायसेक्ट' चालवा. तो निम्मी एक्स्टेंशनं बंद करून विचारतो, दोष आहे का? मग उरलेल्यांतली निम्मी. तीस एक्स्टेंशनं असली तरी पाच-सहा वेळा उत्तर दिलं की चोर हाती लागतो.

'दुसऱ्या'वरची पिवळी चौकट

ही चौकट आम्हाला जेसनमध्ये दिसायची आणि मार्कडाउनमध्ये नाही. तोच शब्द, तोच माणूस, तीच खिडकी. पोरगा म्हणाला, "भूत आहे बावा याच्यात." भूत नव्हतं. दिसायला फसवी किंवा न दिसणारी चिन्हं कोडमध्ये लपवून घोटाळा करता येतो, म्हणून 2021 च्या शेवटी व्हीएस कोडमध्ये अशा चिन्हांभोवती चौकट काढायची सोय आली. मार्कडाउन आणि साध्या मजकुराच्या फाइलींत ती सुरुवातीपासूनच बंद ठेवलेली असते, बाकी ठिकाणी चालू.

मराठीत अडचण होते ती आपल्या अर्ध्या र ची. 'दुसऱ्या', 'वाऱ्या', 'तऱ्हा' यांतला तो चंद्रकोरीसारखा र दोन प्रकारे लिहिला जातो. नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त, पुढे य. किंवा साधा र, हलन्त, आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. दोन्ही पडद्यावर सारखंच उमटतात. चौकट येते ती दुसऱ्या प्रकारावर, त्या अदृश्य चिन्हामुळे.

सोपा उपाय चौकटीवर माउस नेला की समोर येतो: हे चिन्ह वगळा. मीही तेच करणार होते. पण त्याच आठवड्यात एका संकेतस्थळावर 'दुसऱ्या'च्या जागी 'दुसर्‍यांदा' असा बदल सगळीकडे करायचा होता आणि शोधायला गेलो तर निम्म्याच जागा सापडल्या. बाकीच्या जागा दुसऱ्या प्रकारे लिहिलेल्या! तेव्हापासून चौकट बंद करत नाही, मजकूर दुरुस्त करते. शोधपट्टीत रेग्युलर एक्स्प्रेशनचं (नमुन्याने शोधायचं) बटण चालू करायचं, र आणि हलन्त टाइप करून त्यापुढे उलटी तिरकी रेघ, छोटा यू आणि 200डी लिहायचं, आणि बदलीच्या जागी नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. अख्खा फोल्डर एका झटक्यात एकसारखा होतो.

कधी कधी एखाद-दुसऱ्या नव्हे, पानावरच्या प्रत्येक मराठी अक्षराभोवती चौकट येते. घाबरू नका. खाली डावीकडे 'रिस्ट्रिक्टेड मोड' लिहिलेलं असेल. अनोळखी फोल्डर उघडताना 'विश्वास आहे का' या प्रश्नाला नाही म्हटलं की एडिटर इंग्रजीबाहेरचं सगळंच संशयित धरतो. निव्वळ चौकटी घालवण्यासाठी परक्या फोल्डरवर विश्वास ठेवू नका. यूजर सेटिंग्जमध्ये 'युनिकोड हायलाइट: नॉन बेसिक आस्की' ही सेटिंग फॉल्स करा, चौकटी जातात आणि पहारा राहतो.

डोकं आणि पाय कापलेली अक्षरं

ओळीची उंची शून्य ठेवली तर एडिटर ती स्वतः काढतो: विंडोज आणि लिनक्सवर अक्षराच्या आकाराच्या 1.35 पट, मॅकवर 1.5 पट. आकार 16 असेल तर विंडोजवर ओळ साधारण 22 पिक्सेलची. इंग्रजीला पुष्कळ. 'मूर्तींच्या' या शब्दात खाली दीर्घ उकार, वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार. त्याला 22 पुरत नाहीत. म्हणून वर 1.7 लिहिलं, म्हणजे 27 पिक्सेल. आठपेक्षा लहान आकडा हा पटीत धरला जातो, आठ आणि त्यापुढचा थेट पिक्सेलमध्ये. पोराने एकदा 1.7 ऐवजी टिंब विसरून 17 टाकलं आणि ओळी एकमेकींच्या मांडीवर येऊन बसल्या.

वर दिलेली 'ॲडव्हान्स्ड रॅपिंग' लांब परिच्छेदांसाठी. साध्या पद्धतीत एडिटर सगळी अक्षरं सारख्या रुंदीची समजून ओळ तोडतो. मराठीत ते गणित चुकतं आणि ओळ मध्येच मोडते नाहीतर कडेबाहेर जाते. फार मोठ्या फाइलला ॲडव्हान्स्डमुळे एडिटर जड होतो, त्यामुळे सगळीकडे नको, भाषेपुरतीच ठेवा.

लिगेचर (शेजारची चिन्हं जोडून एक दाखवायची सोय) चालू करा म्हणजे जोडाक्षरं नीट होतील, असा सल्ला मला दोघातिघांनी दिला. आमच्याकडे काही फरक पडला नाही. ती सोय कोडमधल्या बाणांसारख्या चिन्हांसाठी आहे, देवनागरीची जोडाक्षरं फॉन्टमध्ये वेगळ्याच नियमांनी जुळतात.

जो मजकूर कुठल्याच फॉन्टने सुधारत नाही

सिताबर्डी, महाल भागातल्या छपाईवाल्यांकडून आलेल्या जुन्या फाइली उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. पोरगा फॉन्ट बदलत बसला होता. ह्यात फॉन्ट बदलून उपयोग नाही. कृतीदेव किंवा त्या काळच्या इतर डीटीपी फॉन्टमध्ये देवनागरीची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फाइलमध्ये खरोखरच इंग्रजी अक्षरं साठवलेली आहेत. एडिटरला तो जुना फॉन्ट लावलात तर मजकूर वाचता येईल, पण पानावरचा सगळा कोडही देवनागरी होऊन जाईल. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग एडिटर.

रंग

आमच्या ऑफिसची खिडकी पश्चिमेला. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, पडदा ओढला तरी चारच्या सुमाराला ऊन स्क्रीनवर येतंच. काळ्या थीममध्ये तेव्हा मजकुरापेक्षा आपला चेहरा आणि मागचा कूलर जास्त स्पष्ट दिसतो. मी दुपारी पांढरी थीम लावते, संध्याकाळी काळी. कंट्रोल-शिफ्ट-पीमध्ये 'टॉगल बिटवीन लाइट/डार्क थीम्स' अशी आज्ञा आहे, तिला एक शॉर्टकट दिला आहे. थीम आपोआप बदलते अशी ज्यांची तक्रार असते त्यांनी 'विंडो: ऑटो डिटेक्ट कलर स्कीम' पाहावी. ती चालू असली की एडिटर संगणकाच्या मोडच्या मागे जातो आणि तुम्ही निवडलेली थीम बाजूला राहते.

"मी हाताने बदललेले रंग थीम बदलली की जातात" ही दुसरी तक्रार. सेटिंग्जमध्ये 'कलर कस्टमायझेशन्स'च्या आत चौकोनी कंसात थीमचं नाव लिहून रंग दिले असतील तर ते त्या थीमपुरतेच. कंसाबाहेर लिहिले तर सगळ्या थीमना लागतात, आणि मग काळ्या थीमसाठी निवडलेला फिका करडा पांढरीवर दिसेनासा होतो. दोन्ही थीमसाठी दोन कंस लिहा, कंटाळा करू नका.

लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येऊन पडदा मंद करतो. तेव्हा आधी गायब होतात त्या कोडमधल्या फिक्या करड्या टिपा, म्हणजे कॉमेंट. 'इन्स्पेक्ट एडिटर टोकन्स अँड स्कोप्स' ही आज्ञा चालवून टिपेवर कर्सर ठेवला की तिचा रंग, पार्श्वभूमी आणि दोन्हींतला कॉन्ट्रास्ट आकड्यात दिसतो. संकेतस्थळांसाठी नेहमीच्या मजकुराला 4.5 ला 1 ही किमान पातळी मानतात. एडिटरलाही मी तीच लावली. आमच्या थीममधल्या टिपा त्याखाली होत्या.

त्याच आज्ञेत अक्षर तिरकं आहे का तेही कळतं. बहुतेक देवनागरी फॉन्टना खरं तिरकं वळण नसतं, मग उभं अक्षरच ढकलून वाकडं केलं जातं आणि वाचताना मान तिरकी होते. 'टोकन कलर कस्टमायझेशन्स'मध्ये कॉमेंटसाठी 'फॉन्टस्टाइल' रिकामी अवतरणचिन्हं देऊन टाका, अक्षर सरळ उभं राहतं.

जे जमत नाही

फाइलींची यादी, मेन्यू, टॅब यांचा फॉन्ट बदलायची सरळ सेटिंग मला सापडली नाही. एडिटरच्या आतल्या फाइली बदलणारी एक्स्टेंशनं मिळतात, मी एक वापरलंही. मग 'इन्स्टॉलेशन खराब झालंय' असा संदेश, शीर्षकात 'अनसपोर्टेड', आणि प्रत्येक अपडेटनंतर सगळं मूळपदावर. आमच्या वारंवार बिघडण्यातला चौथा हिस्सा माझ्या ह्याच हौसेचा होता. काढून टाकलं. झूमची पातळी एकने वाढवली, म्हणजे सगळं 20 टक्क्यांनी मोठं होतं, आणि फाइलींची मराठी नावं वाचता यायला लागली.

टर्मिनलचा, म्हणजे एडिटरमधल्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीचा, फॉन्ट वेगळ्या सेटिंगमध्ये असतो, पण तो बदलूनही तिथलं मराठी आमच्याकडे सुधारलं नाही. तिथे प्रत्येक अक्षराला ठरलेल्या मापाचा खण, जोडाक्षर त्यात मावत नाही. टर्मिनलमध्ये मराठी वाचायची वेळ आली तर पोरगा आता ते फाइलमध्ये उतरवून एडिटरमध्ये उघडतो.